माहिती अधिकार : ‘का’ विचारू नका, कागद मागा

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळांचा मृत्यू झाला. सरकारी इमारतीची अग्निसुरक्षा तपासणी झाली की नाही, हे दुर्घटनेआधीच माहिती अधिकारात विचारता येते. मात्र ‘तपासणी का केली नाही?’ याचे उत्तर देण्याचे बंधन जनमाहिती अधिकाऱ्यावर नाही. त्याऐवजी ‘अमुक वर्षाच्या तपासणी अहवालाची प्रत द्यावी’ असे लिहावे. राज्यात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांची मर्यादा आणि १० रुपये शुल्क आहे. ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे. ‘अहवाल उपलब्ध नाही’ हे लेखी उत्तरही मोलाचे. तपासणी राहिली असेल, तर ते त्यातूनच उघड होते.