नुसती सही नको, सवाल करा!

दरवर्षी ३ जानेवारीला पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे वाड्याच्या जागेवर आपले लोक जमतात आणि सावित्रीमाईंना वंदन करतात. १८४८ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा येथेच काढली. दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेला वाडा पाडून ती जागा राष्ट्रीय स्मारकासाठी मोकळी करण्यात आली. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु एक कडू सवाल विचारल्याशिवाय राहवत नाही. या जागेला वंदन करून घरी परतणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या स्वतःच्या मुलाच्या शाळेत पालकसभेला जातात?

फुल्यांची शाळा केवळ शिक्षकांवर चालली नाही. शाळा म्हणजे काय हेच ज्यांना ठाऊक नव्हते, अशा महार-मांग वस्त्यांतून लहुजी साळवे आणि राणबा महार दारोदार फिरले, आईबापांना समजावले, तेव्हा पोरे शाळेत आली. पालक जागा झाला म्हणून शाळा उभी राहिली, हा आपला इतिहास आहे. मुलीचे दागिने गहाण टाकून भिवाला पुस्तके आणून देणारे सुभेदार रामजी हेही पालकच होते.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारी अहवालातला आकडा सभागृहापुढे ठेवला होता. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचत होती, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जात होती. आज पटावर नावे आहेत. पण सातवीतल्या पोराला चार ओळी धड वाचता येतात का, हे आपल्यापैकी किती आईबापांनी शाळेत जाऊन पाहिले आहे?

कायदा आज आपल्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा, असे कायदा सांगतो. शाळेचा कारभार पाहणे, विकास आराखडा तयार करणे, अनुदान कुठे खर्च झाले ते तपासणे हे या समितीचे काम आहे. विनाअनुदानित खासगी शाळांतही शुल्क नियमनाच्या कायद्याने पालक-शिक्षक संघ सक्तीचा आहे आणि प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो. म्हणजे सत्तेची एक किल्ली वस्तीच्या हाती दिलेली आहे. पण ती किल्ली आपण खुंटीवर टांगून ठेवली आहे. अनेक ठिकाणी समिती कागदावर असते, वही घरी येते आणि सदस्यबाई न वाचता सही करते. असली सही म्हणजे आपल्या मुलांच्या हक्कावर सोडलेले पाणी होय.

"मी अंगठेबहाद्दर, मास्तरापुढे काय बोलणार?" असे कित्येकजण म्हणतात. पण संडासात पाणी आहे की नाही, खिचडीत डाळ आहे की नाही, गणिताचे गुरुजी रोज वर्गावर येतात की नाही, हे पाहायला कुठली पदवी लागते? आणि ज्यांना पदव्या मिळाल्या, नोकऱ्या मिळाल्या, ते आपले पोर इंग्रजी शाळेत घालून मोकळे झाले. वस्तीतल्या शाळेकडे त्यांनी पाठ फिरवली. त्यांनीही या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

दोष केवळ पालकांचा नाही. सकाळी अकराला सभा ठेवायची आणि मग 'पालक उदासीन आहेत' असा शेरा मारायचा, हा कुठला न्याय? धुणीभांडी करणारी बाई, हमाली करणारा बाप दिवसाची मजुरी बुडवून कसा येणार? याच बुधवार पेठेत अशाही आया आहेत, ज्यांच्या व्यवसायामुळे समाज त्यांच्याकडे तोंड वेंगाडून पाहतो. मुलाच्या बापाचे नाव विचारले जाईल या भीतीने त्या शाळेची पायरी चढत नाहीत. कायद्याच्या लेखी आई ही पूर्ण पालक आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाने आईचे नाव बापाच्या नावाआधी आणले आहे. ती आई सभेत खुर्चीवर ताठ मानेने बसेल, तेव्हाच भिडे वाड्याचे स्मारक खऱ्या अर्थाने पूर्ण झाले असे म्हणता येईल.

पालक संघटित झाले तर काय होते, हे नुकतेच दिसले. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट, असा फतवा शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गरिबाच्या पोराला दार बंद होता होता राहिले.

तेव्हा बंधूभगिनींनो, जयंतीच्या वर्गणीची वही जशी काटेकोर ठेवता, तशीच शाळेच्या पालकांची यादी विहारात ठेवा. जूनमधल्या पहिल्याच सभेला जा. एकटे जायला संकोच वाटत असेल तर चौघीजणी मिळून जा. सभा रविवारी किंवा संध्याकाळी ठेवा, अशी लेखी मागणी करा. इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा. 'शिका' हा आदेश केवळ पोरांसाठी नव्हता, आईबापांसाठीही होता. पोराला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून माघारी फिरू नका. फाटकाच्या आत या!