अ‍ॅसिडिटी की गुड न्यूज?
जागरण, डेडलाइन, कॅन्टीनचा वडापाव... मळमळलं की आपण मुली 'अ‍ॅसिडिटी' म्हणून मोकळ्या! मैत्रिणींना माझं एकच सांगणं असतं: गोळीआधी कॅलेंडर बघा. पाळी चुकलीय? छाती दुखरी, दुपारी डोळे मिटतायत, आवडत्या कॉफीचा वासही नकोसा? पाळीआधीही यातलं बरंच होतं, म्हणून अंदाज नको, टेस्ट करा. किट केमिस्टकडे मिळतं. सकाळची पहिली लघवी उत्तम. निगेटिव्ह, तरी पाळी नाही? आठवड्याने पुन्हा करा. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर ते थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. बाळात व्यंग येऊ शकतं. आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात कळ, सोबत रक्तस्राव? मीटिंग सोडा, थेट हॉस्पिटल! बातमी गुड की नाही, ते तुम्हीच ठरवाल. पण आधी ती वेळेत कळायला हवी ना!