वार्षिकचं ‘वाषिर्क’

गेल्या महिन्यात सोसायटीच्या कार्यालयात एक फाइल उघडली आणि पडद्यावर नुसती गिचमीड आली. रोमन अक्षरं, मध्येच कंस, डॉलरची खूण, उद्गारचिन्हं. फाइलचं नाव मात्र स्वच्छ होतं: ‘एजीएम २००१’. नेरूळमधली आमची इमारत सिडकोने १९८० च्या दशकात बांधलेली. आता तिच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत आणि वकिलांनी जुने ठराव मागितले आहेत. गच्चीवरच्या शेडला परवानगी कधी दिली, तळमजल्यासमोरच्या मोकळ्या जागेबद्दल काय ठरलं, कुणाची भागपत्रं कुणाच्या नावावर झाली, हे सगळं त्या इतिवृत्तांमध्ये होतं. आमच्या सेक्रेटरीकाकांनी रात्री जागून, स्वतःच्या हाताने, मराठीत टाइप केलेलं. आणि आता ते त्यांनाच वाचता येत नव्हतं.

झालं होतं असं. कार्यालयातला संगणक बारा वर्षांचा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष सुरक्षेच्या सुधारणा मिळतात, पण पुढे जायचं तर विंडोज ११ हवं, आणि त्याला साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. आमच्या मशिनकडे दोन्ही नाही. कमिटीत विषय निघाला, “भंगारात काढा, नवा घ्या.” मशिन चांगलं चालत होतं. मी एक रविवार मागून घेतला. सगळ्या फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, जुनी हार्डडिस्क काढून छोटी एसएसडी बसवली आणि विंडोजच्या जागी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकलं, त्यातलं हलकं एक्सएफसीई रूप. चार जीबी रॅमला ते पुरतं. दुपारपर्यंत मशिन झरझर चालू लागलं. मग काकांनी उत्साहाने २००१ ची फाइल उघडली.

ही चूक लिनक्सची नव्हती. कोणत्याही कोऱ्या संगणकावर हेच झालं असतं. जुन्या मशिनवर त्या काळचा एक मराठी फॉन्ट टाकलेला होता, म्हणून इतकी वर्षं सगळं नीट दिसत होतं. फॉन्ट गेला तशी मराठीही गेली.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण घरोघरी, शाळाशाळांत, पतपेढ्यांत अशा फाइली पडून आहेत. १९९० च्या दशकात बाजारातल्या साध्या संगणकाला देवनागरी अक्षर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. फॉन्ट करणाऱ्यांनी तेव्हा एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले: इथे अर्धा स, तिथे काना, पलीकडे रफार. आपण टाइप करायचो मराठी, फाइलमध्ये साठायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप द्यायचा. त्यातही प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे. त्या युक्तीने मराठीत वर्तमानपत्रं निघाली, पुस्तकं छापली गेली, लग्नपत्रिका झाल्या, हे तिचं मोठं काम. पण कागदावर उमटेपर्यंतच ती मराठी होती.

युनिकोडने हे बदललं. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगभर एकच आहे. फॉन्ट कोणताही असो, क हा क च राहतो. मराठीच्या गरजा तिथे पोचायला मात्र वेळ लागला. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं.

आता आमची फाइल. जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक फुकट मिळतात. त्यातल्या एकातून फाइल काढली. गिचमीड जाऊन देवनागरी आली, पण पहिल्याच ओळीत ‘वाषिर्क सवर्साधारण सभा’. पुढे ‘निणर्य’, ‘आथिर्क’, ‘कजर्’. इंटरनेटवरच्या जुन्या मराठी मजकुरात हे शब्द तुम्हीही पाहिले असतील आणि टाइप करणाऱ्याला नावं ठेवली असतील. चूक त्याची नसते. टाइपरायटरच्या वळणाने लिहिताना आपण डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने जातो: वा, मग पहिली वेलांटी, मग ष, मग डोक्यावरचा रफार, मग क. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: वा, र, हलन्त, ष, त्यानंतर वेलांटी, मग क. म्हणजे परिवर्तकाने वेलांटी एक घर पुढे न्यायची आणि रफार मागे आणायचा. आमच्या परिवर्तकाने वेलांटी हलवली, रफार जागच्या जागी ठेवला, आणि तो बिचारा पुढच्या क वर जाऊन बसला.

इथे मला मुक्त सॉफ्टवेअरचा अर्थ पुन्हा एकदा हाताला लागला. तो परिवर्तक कुणीतरी मुक्त परवान्याखाली दिलेला होता. त्याची आज्ञावली उघडून वाचता येत होती. रफाराचा नियम शोधला, दोन ओळी बदलल्या: मागचं व्यंजन आणि त्याची मात्रा ओलांडून रफार त्यांच्या आधी न्यायचा. पुन्हा चालवलं. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’. काकांनी खुर्ची जवळ ओढली. मग ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ असल्या शब्दांतला ऱ्य अडला, कारण तो रफार नव्हे; मराठीचा खास अर्धा र. त्याच्यासाठी वेगळा नियम लिहिला. संध्याकाळपर्यंत २००१ ते २००९ ची सगळी इतिवृत्तं वाचता येऊ लागली. तीच वस्तू बंद डब्यात मिळाली असती तर ‘वाषिर्क’वर आम्ही थांबलो असतो.

मला या सदरातून लिनक्सबद्दल जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. वेग, फुकटपणा, व्हायरसचा कमी त्रास, हे फायदे आहेतच. पण खरा प्रश्न असा की आपण लिहिलेलं पंचवीस वर्षांनी आपल्याला वाचता येईल का, आणि त्यासाठी आपल्याला कुणाची परवानगी लागेल का. ज्याचे नियम उघडे आहेत ते दुरुस्त करता येतं, पुढच्या मशिनवर नेता येतं.

संगणकावर मराठी आणण्याच्या कामात आपल्या परिसराचाही वाटा आहे. खारघर स्थानकासमोर सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचं केंद्र आहे. पूर्वीच्या एनसीएसटी या संस्थेचा वारसा तिथे चालतो. १९८० च्या दशकात देशातला ई-मेल सुरू करणाऱ्यांमध्ये एनसीएसटी आणि पवईची आयआयटी आघाडीवर होत्या. याच एनसीएसटीत सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी भारतीय लिपींची अक्षरं घडवली. आयुष्यभर बोरू आणि कुंचल्याने अक्षर गिरवलेला, आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलेला हा माणूस. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ त्यांचाच. त्यांचा ‘रघु’ हा फॉन्ट एनसीएसटीने जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांना दिला, आणि २००० च्या सुमारास मुंबईतून सुरू झालेल्या इंडलिनक्सच्या मंडळींना लिनक्सवर देवनागरी आणताना तो हाती मिळाला. पुढे रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्ट खुले केले. त्यांचं मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं. जोशीसर २००८ साली गेले. आज लिनक्स सुरू केल्याबरोबर मराठी नीट दिसते, त्यामागे अशी बरीच माणसं उभी आहेत.

काकांना मराठी नीट दिसण्यातली एक गोष्ट मी मुद्दाम दाखवली. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये नोटो फॉन्टमधला मजकूर निवडला आणि त्याची भाषा हिंदीऐवजी मराठी केली. त्याच क्षणी ल बदलला, दांडीचा ल जाऊन आपला पाकळीचा ल आला, आणि श नेही मराठी वळण घेतलं. फॉन्टच्या पोटात दोन्ही वळणं ठेवलेली असतात, भाषा सांगितली की योग्य ते बाहेर येतं. टाइप करण्याचंही तसंच. काकांचा हात टाइपरायटरवर बसलेला, त्यांना रेमिंग्टनची मांडणी मिळाली. खजिनदारबाई रोमन अक्षरांतून मराठी लिहितात, त्यांच्यासाठी ‘गमभन’ची पद्धतही होती. इनस्क्रिप्टची मांडणी तर आहेच.

लोक विचारतात, लिनक्स कठीण नाही का? आपल्या राज्यात दोन दशकांहून अधिक काळ बहुतेकांचा संगणकाशी परिचय एमएस-सीआयटीतून झाला. त्या अभ्यासक्रमाने गावोगावी माणसांना माऊस धरायला शिकवलं, हे फार मोठं काम. पण त्यातून संगणक म्हणजे विंडोज, लिहिणं म्हणजे वर्ड, अशी सवय पडली. केरळने सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर आणलं आणि तिथल्या मुलांना लिनक्सच ओळखीचं वाटतं. प्रश्न कठीणपणाचा नाही, ओळखीचा आहे. आणि ती ओळख तशी झालेलीच आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्स आहे. महापे, रबाळे, ऐरोलीला ज्या बिनखिडक्यांच्या डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, तसल्या इमारतींतले बहुतांश सर्व्हर जगभर लिनक्सवरच चालतात. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने जाहीर केलेलं काम आज आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला रात्रंदिवस चालू आहे.

अडचणी आहेत, त्या सांगायला हव्यात. हिशेबाचं टॅली विंडोजसाठी आहे, म्हणून सोसायटीचे हिशेब आम्ही लेखापालांकडेच ठेवले. डिजिटल सहीची डोंगल चालवायला खटपट पडते. जुन्या लेझर प्रिंटरसाठी मला दोन संध्याकाळी द्याव्या लागल्या. मेनूंचं मराठी भाषांतर काही ठिकाणी अर्धवट आहे, कारण ते हौसेने करणारे हात कमी आहेत. भाषा चांगली असलेल्या निवृत्त शिक्षकांनी तिथे रोज अर्धा तास दिला तरी मोठा फरक पडेल. ज्यांना शिकायचं आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्यूटोरियल’चे पाठ आहेत. लिनक्स आणि लिब्रेऑफिस मराठी आवाजात, छोट्या छोट्या भागांत, विनामूल्य. आणि लगेच काही बदलायची गरजही नाही. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू करून पाहता येतं, डिस्कला हात न लावता. पटलं तर टाका, नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्या.

आता पुन्हा त्या जुन्या फाइलींकडे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. आपण सगळ्यांनी जुने पुरावे अभिमानाने सांगितले. आपल्या शेजारी, अलिबागजवळ आक्षीचा शिलालेख आहे. तो शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जातो. त्या दगडावरचं मराठी अभ्यासकांना आजही वाचता येतं. मला काळजी वाटते ती १९९५ ते २०१० या काळातल्या मराठीची. त्या पंधरा वर्षांत लिहिलेल्या कविता, स्मरणिका, वंशावळी, ग्रामसभेचे ठराव, आजोबांनी उतारवयात टाइप केलेल्या आठवणी सीडींवर आणि जुन्या डिस्कांवर आहेत. फॉन्ट हरवला की त्या मुक्या होतात, आणि डिस्क बिघडली की कायमच्या जातात. म्हणून कळकळीची विनंती आहे. या आठवड्यात घरातली सगळ्यात जुनी मराठी फाइल शोधा आणि उघडून पाहा. दिसत असेल तर ज्या फॉन्टमुळे दिसते तो आधी जपून ठेवा. मग मजकूर युनिकोडमध्ये आणा, ओडीएफसारख्या खुल्या स्वरूपात साठवा (ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे), आणि एक छापील प्रत काढून ठेवा. मशिन भंगारात देण्याआधी त्यात काय आहे ते बघा.

आमच्या कार्यालयात, प्रिंटरही चालू झाला त्या रात्री, शेवटी काकांनी शोधाच्या चौकटीत ‘शेड’ एवढा एकच शब्द टाइप केला. जुन्या फाइलींमध्ये मराठीत असं शोधणं त्यांना कधी जमलं नव्हतं. पाच ठिकाणं सापडली. त्यातलं तिसरं २००१ चं, वार्षिक सर्वसाधारण सभा, ठराव क्रमांक सात. काकांनी तो मोठ्याने वाचला, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसकट. अनुमोदक त्यांचे शेजारी होते, सहा वर्षांपूर्वी गेले. ते नाव त्यांनी दोनदा वाचलं, मग छापायची आज्ञा दिली आणि कागद बाहेर येईपर्यंत प्रिंटरपाशी उभे राहिले.