इतिहासांतील जर-तर : अलेक्झांड्रियाचा वारा

“असें झालें असतें तर?” हा प्रश्न इतिहासाच्या तासाला विचारूं नये, असा आमचा शाळेंतील दंडक असे. आतां निवृत्तींत तो मोडण्यास कोणाची आडकाठी नाहीं. म्हणून या खेपेस आम्ही वाचकांस ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धांतील एका घटकेकडे नेतों.

ग्रीकांनीं तुर्की सुलतानाविरुद्ध १८२१ सालीं बंड उभारलें. बंडवाल्यांपाशीं सरकारी आरमार नव्हतें. हायड्रा, स्पेत्साय व प्सारा या बेटांवरील व्यापाऱ्यांनीं आपलीं मालवाहू गलबतें तोफा चढवून युद्धास जुंपलीं. सुलतानाच्या अजस्र जहाजांशीं तोफेस तोफ भिडविणें त्यांस शक्य नव्हतें. त्यांचा भरंवसा अग्निनौकेवर. जुनें गलबत घ्यावयाचें, डांबर, गंधक व दारू यांनीं भरावयाचें, वारा पाठीशीं घेऊन शत्रूच्या जहाजास आंकड्यांनीं अडकवावयाचें, वात पेटवावयाची आणि मागें बांधलेल्या होडींत उड्या टाकून पळ काढावयाचा. सांगण्यास एक वाक्य पुरतें. करण्यास काय लागत असेल तें वाचकांनींच ताडावें. प्साराचा कोन्स्तान्तिनोस कानारिस या विद्येंत निष्णात होता. १८२२ त किऑस बेटापाशीं त्यानें तुर्की दर्यासारंगाचें मुख्य जहाज जाळलें, आणि त्या प्रसंगीं दर्यासारंगही प्राणास मुकला.

पुढें सुलतानानें इजिप्तचा पाशा महंमद अली यास मदतीस घेतलें व पारडें फिरलें. १८२४ त तुर्कांनीं प्सारा बेट बेचिराख केलें. कानारिसास मायभूमि उरली नाहीं. १८२५ च्या फेब्रुवारींत पाशाचा पुत्र इब्राहीम कवायती फौजेनिशीं मोरियांत उतरला. या फौजेचा दाणागोटा व कुमक मुख्यतः अलेक्झांड्रियाच्या बंदरांतून येई. तेव्हां फांद्या छाटीत बसण्यापेक्षां मुळावरच घाव घालावा, असा बेत ठरला.

त्या वर्षीं ऑगस्टमध्यें कानारिसाच्या अग्निनौका व सोबतचीं लढाऊ गलबतें आफ्रिकेच्या किनाऱ्याशीं पोहोंचलीं. रशियाचें निशाण लावून कानारिसाची नौका बंदरांत शिरली. आंत जहाजांची दाटी. याहून चांगली शिकार ती कोणती? आणि नेमका तेव्हांच वारा उलटला. नौका पुढें सरकेना. वात पेटवून होडींत उतरण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं, आणि ती नौका कोणास न शिवतां एकटीच जळून गेली. पाशा स्वतः पाठलागास निघाला. परंतु कानारिस निसटला.

वारा फिरला नसता तर? बंदरांत कोंडलेल्या आरमाराची आगींत काय गति होते, हें १७७० त चेश्मे येथें दिसलें होतें. रशियाच्या अग्निनौकांनीं तेथें तुर्की आरमार एका रात्रींत नाहींसें केलें. तसेंच येथें घडतें, तर इब्राहीमास त्या वर्षाची कुमक मिळाली नसती. मेसोलाँगी हें गांव तेव्हां वेढ्यांत होतें. अलेक्झांड्रियाहून आलेली ताजी फौज हाताशीं येतांच इब्राहीम तिकडे वळला, आणि एप्रिल १८२६ त उपासमारीनें खचलेलें तें गांव पडलें. तें तगलें असतें, असें आम्हांस वाटतें. युद्ध मात्र तेवढ्यानें संपलें नसतें. पाशापाशीं कापसाचा पैसा होता, आणि मार्सेय व लिव्होर्नो येथील गोद्यांत त्याच्यासाठीं जहाजें बांधलीं जात.

येथवर हिशेब सरळ आहे, गुंता पुढेंच. अलेक्झांड्रियांत युरोपीय व्यापाऱ्यांचींही गलबतें असत, आणि आग कांहीं निशाण पाहून लागत नाहीं. तीं भस्म झालीं असतीं, तर ग्रीकांस चांचे ठरविण्यास युरोपांतील दरबारांना आयतेंच निमित्त मिळालें असतें. उलट, मेसोलाँगीच्या संहारानें युरोपचें लोकमत पेटलें. दलाक्र्वा या फ्रेंच चित्रकारानें त्याच वर्षीं त्यावर चित्र काढलें. १८२७ त इंग्लंड, फ्रान्स व रशिया यांनीं तह केला, आणि २० ऑक्टोबरला नव्हारिनोच्या उपसागरांत त्यांच्या तोफांनीं तुर्क-इजिप्शियन आरमार बुडविलें. संस्कृतांत काकतालीय न्याय म्हणतात; कावळा बसावा आणि ताडाचें फळ पडावें! त्या वाऱ्याची आणि या विजयाची सांगड तशीच आहे.

मग वारा फिरला तें ग्रीसच्या भल्यासाठींच, असें एखादे चतुर वाचक म्हणतील. आम्हांस तें मान्य नाहीं. मेसोलाँगीच्या वेशीबाहेर रात्रीं बायकामुलांसह जे हजारों लोक कोंडी फोडण्यास निघाले, त्यांस ‘तुमच्या मरणानें युरोप जागा होईल’ हें गणित कोणीं सांगावें? शिवाय परक्यांच्या तोफांनीं मिळालेलें स्वातंत्र्य परक्यांच्या अटींनिशींच आलें. तिन्ही राष्ट्रांनीं ठरविलेला बव्हेरियाचा सतरा वर्षांचा राजपुत्र ओटो १८३३ त ग्रीसचा राजा म्हणून उतरला, आणि त्याच्या मागोमाग बव्हेरियन कारभारी व पलटणी. स्वतःच्या अग्निनौकांनीं शत्रूचें आरमार जाळणाऱ्या ग्रीकांशीं त्याच राष्ट्रांस निराळ्या भाषेंत बोलावें लागलें असतें.

१८६२ त ओटोस देश सोडावा लागला. नवा राजा येईपर्यंत कारभार पाहण्यास तिघांचें मंडळ नेमलें गेलें, त्यांत कानारिस होता.