रांगेतले परवाने: महाराष्ट्र परिचर्या परिषदेस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि मा. प्रबंधक,
महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई



नांदेड आणि लातूरच्या वॉर्डांमध्ये आज अशा काही सिस्टर आणि ब्रदर ड्युटी करतात, ज्यांच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा नर्सिंगचा परवाना आहे. परवान्यासाठीची एनक्लेक्स परीक्षा पास झालेली, परवाना क्रमांक मिळालेला, त्या राज्याच्या संकेतस्थळावर नाव टाकलं तर नोंद समोर येते. माणूस मात्र इथेच आहे. नाईट संपवून ओव्हर देतो आणि सिटीबसने घरी जातो. मीही त्यांच्यातलीच एक. जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम लातूरला केला, नोकरी नांदेडला करते आणि न्यूयॉर्क राज्याचा परवाना राखून आहे. हे पत्र त्या राखण्याबद्दल आहे.

परीक्षेबद्दल सगळे बोलतात. २००५ पर्यंत ती अमेरिकेच्या हद्दीबाहेर देताच येत नव्हती. आता हैदराबादला केंद्र आहे, नांदेडहून रात्री निघालं की सकाळी पोचता येतं. क्लासवाले फ्लेक्सवर पास झालेल्यांचे फोटो लावतात. फोटो लागल्यानंतर त्या मुलीचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

ती रांगेत उभी राहते. अमेरिका नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० स्थलांतरित व्हिसा देते आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यातले ७ टक्क्यांहून जास्त सहसा येत नाहीत. नर्सेसचे अर्ज ज्या तिसऱ्या वर्गात मोडतात, त्यात भारतीयांचा क्रमांक २०२५ च्या मध्यावर २०१३ सालच्या अर्जांपर्यंत आला होता. नर्सची तिथे टंचाई आहे हे अमेरिकेच्या श्रम खात्यानेच मान्य केलंय आणि त्यामुळे मालकाला एक मोठी पायरी माफ आहे. रांग मात्र माफ नाही. तेविसाव्या वर्षी पास झालेल्या उदगीरच्या किंवा मुखेडच्या मुलीचा नंबर लागेपर्यंत तिचं लग्न होतं, मुलं शाळेत जायला लागतात. तेवढी सगळी वर्षं तो परवाना चालू राहायला हवा, आणि त्याच्यासोबत तुमच्याकडची नोंदणीसुद्धा.

परवाना चालू ठेवायचा म्हणजे काय करायचं, हे राज्याराज्यावर अवलंबून आहे. न्यूयॉर्कमध्ये परवाना एकदा मिळाला की कायमचा, पण त्याची नोंदणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि संसर्ग नियंत्रणाचं प्रशिक्षण दर चार वर्षांनी. पत्ता किंवा नाव बदललं तर ३० दिवसांत कळवायचं, असा तिथला नियम आहे. कॅलिफोर्नियात पहिलं नूतनीकरण सोडलं तर दर दोन वर्षांनी ३० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, टेक्सासमध्ये २० तासांचं. आपल्याकडच्या अनेक जणी न्यूयॉर्क निवडतात, कारण तिथे सोशल सिक्युरिटी क्रमांकावाचून काम भागतं. तो क्रमांक तिथे गेल्याशिवाय मिळत नाही आणि बऱ्याच राज्यांत त्यावाचून परवाना हाती पडत नाही. तिथलं कार्यालय उघडतं तेव्हा नांदेडला संध्याकाळचे साडेसहा-साडेसात वाजलेले असतात. फोन लावून ताटकळायचं ते सेकंड शिफ्ट नसेल त्या दिवशी. फी डॉलरमध्ये, आणि तीही परदेशात चालणाऱ्या कार्डावरूनच. असं कार्ड सोळा-अठरा हजारांवर कंत्राटी काम करणाऱ्या मुलीकडे नसतं. मग एजंट येतो. खातं उघडताना तो स्वतःचा ईमेल घालतो, पासवर्ड त्याच्याकडेच राहतो. नूतनीकरणाची आठवण त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि मुलीला कळतं तेव्हा मुदत टळून गेलेली असते. असं झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

हे सगळं अमेरिकेचं झालं, त्यात तुमचा हात नाही. तुमचा संबंध येतो तो कागदाशी. फिलाडेल्फियाची सीजीएफएनएस ही संस्था १९७७ पासून परदेशी नर्सेसची कागदपत्रं तपासते, अलीकडे तिनं ट्रूमेरिट असं नाव घेतलंय. तिचा नियम असा की गुणपत्रक आणि तासांचा तपशील शिक्षणसंस्थेकडून थेट यावा आणि नोंदणीची पडताळणी परिषदेकडून थेट यावी. अर्जदाराच्या हातून आलेला कागद चालत नाही. नियम योग्यच आहे, बनावट कागदांचा बंदोबस्त असाच होतो. पण हे काम एकदा करून संपत नाही. पहिल्यांदा परीक्षेसाठी पडताळणी लागते. मग न्यूयॉर्कचा परवाना असलेल्या मुलीला टेक्सासच्या रुग्णालयानं बोलावलं की तिथला परवाना घेताना पुन्हा कागद मागितले जाऊ शकतात. व्हिसासाठी लागणारं व्हिसास्क्रीनचं प्रमाणपत्र पाच वर्षंच चालतं, म्हणजे ते लवकर काढून ठेवूनही उपयोग नाही. बारा वर्षांनी नंबर लागला, तर बारा वर्षांपूर्वीच्या नोंदीवर तुमच्या कार्यालयाला पुन्हा सही-शिक्का द्यावा लागतो. त्या वेळी इथली नोंदणी खंडित झालेली असेल, तर सगळं तिथेच अडतं.

आता नावाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त मुली इथेच अडकतात. शिक्षण मंडळाच्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. तुमच्या प्रमाणपत्रावर लग्नाआधीचं नाव. लग्न झालं की आपल्याकडे आडनाव तर बदलतंच, मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत अजूनही मुलीचं स्वतःचं नावसुद्धा बदलतात. पासपोर्ट लग्नानंतर निघतो, त्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव एका रकान्यात एकत्र येतं. आधार कार्डावर स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ कमी किंवा जास्त. परीक्षा केंद्रावर पासपोर्टवरचं नाव आणि अर्जातलं नाव तंतोतंत जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. फिलाडेल्फियातल्या किंवा न्यूयॉर्क राज्याच्या कार्यालयातल्या कारकुनाला ‘मीरा बालाजी’ आणि ‘मीरा संतोष’ ही एकच बाई आहे, हे कळणार कसं? तिचं मधलं नाव का बदललं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. राजपत्रातली सूचना, विवाह नोंदणीचा दाखला, तहसीलचं प्रतिज्ञापत्र, हे सगळं जोडूनही शंका राहते. परिषदेनं स्वतःच्या लेटरहेडवर एक ठरावीक नमुन्याचं पत्र दिलं की ‘या दोन्ही नावांची व्यक्ती आमच्या नोंदवहीत एकाच क्रमांकावर आहे’, तर शंका एका कागदात मिटेल. नोंदणी क्रमांक तर लग्नानं बदलत नाही. त्या क्रमांकाखाली जुनं आणि नवं, दोन्ही नावं शेजारी शेजारी दिसावीत, एवढंच मागणं आहे.

तासांचीही अशीच गोष्ट. अमेरिकेतली राज्यं निव्वळ गुण बघत नाहीत. प्रौढांचं मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार या विषयांत वर्गातले तास किती आणि वॉर्डातले किती, असा हिशेब मागतात. नांदेड-लातूरकडच्या मुलामुलींनी मानसोपचाराच्या पोस्टिंगला पुण्याला येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जाऊन मुक्काम केलेला असतो. ती पोस्टिंग झाली होती याचा पुरावा कॉलेजच्या रजिस्टरमध्ये असतो, आणि ते रजिस्टर कुठल्या कपाटात आहे हे जुन्या क्लार्कलाच ठाऊक असतं. कॉलेज बंद पडलं, संस्थाचालक बदलले, क्लार्क निवृत्त झाला, तर त्या मुलीनं दारोदार फिरायचं. एका मुलीला तिच्या शाळेच्या जागी मंगल कार्यालय सापडलं होतं. बंद झालेल्या संस्थांची रजिस्टरं कुणाच्या ताब्यात आहेत याची यादी तुम्ही, राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, तिघांनी मिळून करावी आणि ती सगळ्यांना पाहता यावी.

कुणी म्हणेल, आपल्याच दवाखान्यांत माणसं नाहीत आणि तुम्ही बाहेर जाणाऱ्यांची सोय मागता? या प्रश्नाला बगल देता येत नाही, आणि नांदेडमध्ये तर नाहीच. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली. त्यात लहान मुलं बरीच होती. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, रिक्त पदांचा प्रश्न पुन्हा वर आला. त्या दिवसांत या शहरात नर्स असणं काय होतं, ते आम्हाला विचारा.

पण रांगेतली नर्स गेलेली नाही, ती इथे आहे. दहा-बारा वर्षं ती याच वॉर्डात राहणार आहे, आणि परवाना टिकवण्यासाठी जे शिकतेय ते याच खाटांवर वापरतेय. सेप्सिसची सुरुवातीची लक्षणं ओळखणं, सेंट्रल लाईनची निगा, औषध देताना दोघींनी मिळून तपासणी करणं, पडण्याचा धोका असलेला रुग्ण हेरणं, हे सगळं त्या निरंतर शिक्षणाच्या तासांत असतं. माझ्या वॉर्डातली एक सिस्टर संसर्ग नियंत्रणाचा असा अभ्यासक्रम करून आली आणि तिनं ड्रेसिंग ट्रॉलीची मांडणीच बदलली. निर्जंतुक सामान वरच्या कप्प्यात, वापरलेलं खालच्या, आणि हात धुण्याची बाटली ट्रॉलीला बांधलेली. इन्चार्ज सिस्टरांनी ते शेजारच्या वॉर्डातही लावलं. त्या अभ्यासाचे पैसे तिनं स्वतःच्या पगारातून भरले होते.

म्हणून माझी मुख्य मागणी या तासांची आहे. इथल्या नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी होतं आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे त्या काळात १५० तासांचं निरंतर शिक्षण अपेक्षित आहे. मान्यताप्राप्त परदेशी संस्थेतून केलेले तास, प्रमाणपत्र आणि विषय तपासून, त्या १५० मध्ये धरावेत आणि तसा स्पष्ट लेखी नियम काढावा. तीन शिफ्टची नोकरी करणाऱ्या बाईला एकाच विषयाचे तास दोन देशांसाठी दोनदा करायला लावण्यात रुग्णाचं काहीच भलं नाही. उलट नियम झाला तर बाहेर जायचा विचारही नसलेली सिस्टर असं काही शिकेल.

राज्य सरकारनंही बाहेर पाठवण्याचं धोरण स्वीकारलेलं आहेच. २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्यात रुग्णसेवेचं क्षेत्रही आहे. जर्मनीही कागद मागेल, आयर्लंड आणि ब्रिटन मागतातच. केरळनं हे फार पूर्वी ओळखलं आणि ओडेपेक, नोर्का-रूट्स अशा सरकारी संस्था उभ्या केल्या. तिथल्या मुलीला एजंटाच्या दारात जाण्याआधी सरकारी दार दिसतं. मराठवाड्यातल्या मुलीला लातूर एक्सप्रेस किंवा देवगिरी पकडून मुंबई गाठावी लागते, नाहीतर एजंट गाठावा लागतो. रजा मिळत नाही म्हणून बहुतेक जणी एजंट गाठतात.

अमेरिकेत नर्सिस नावाची यादी आहे, त्यात कुणीही नर्सचं नाव टाकून परवान्याची स्थिती विनामूल्य बघू शकतं. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेनं नर्सेसना राष्ट्रीय ओळख क्रमांक द्यायला सुरुवात केली, आणि १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेल्या २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोग कायद्यात ऑनलाइन राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली तुम्ही जपलेली नोंदवही उद्या त्यात जाईल. ती जाताना लग्नाआधीची नावं गळू नयेत, जुने नोंदणी क्रमांक तुटू नयेत आणि खंडित नोंदणी पुन्हा चालू केल्याची तारीख पुसली जाऊ नये. एकदा गळलेलं नाव परत बसवणं किती अवघड असतं, हे तुमच्या कार्यालयातल्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तेव्हा विनंती अशी. परदेशी पडताळणीचा अर्ज आला की त्याला क्रमांक मिळावा, किती दिवसांत निघेल ते लिहून मिळावं आणि निघाला की अर्जदाराच्या मोबाईलवर संदेश यावा. महिन्यातून एक दिवस परिषदेचा माणूस नांदेडला आणि एक दिवस लातूरला बसावा. दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, एक खोली आणि एक टेबल मिळण्यासारखं आहे. नाव बदलाचे, नूतनीकरणाचे आणि पडताळणीचे अर्ज तिथेच मूळ कागद बघून घेतले जावेत. आणि जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला एक तास असा ठेवावा, ज्यात मुलींना सांगितलं जाईल की खातं स्वतःच्या ईमेलनं उघडा, पासवर्ड कुणाला देऊ नका, पासपोर्ट काढण्याआधी नावाचं काय करायचं ते ठरवा, आणि परदेशात जायचं असो वा नसो, पाच वर्षांचं नूतनीकरण चुकवू नका. शिकवायला माणूस मिळाला नाही तर मी येईन. माझ्यासारख्या आणखीही येतील.

पहिला दिवस कोणत्या महिन्यात ठेवता येईल, ते कळवावं. नांदेडच्या टेबलासाठी लागणारे अर्जदार आम्ही गोळा करून ठेवतो.

आपली,
एक नोंदणीकृत परिचारिका
नांदेड