दिवसाला एकच स्थळ

लोणावळ्यात राहणाऱ्या आपणा सर्वांना शनिवार-रविवारचे एक दृश्य परिचयाचे आहे. मुंबई-पुण्याहून भल्या सकाळी निघालेले कुटुंब भुशी धरण, टायगर पॉइंट, कार्ला, भाजे आणि एकवीरा आईचे दर्शन, हे सारे एका दिवसात उरकण्याच्या बेताने येते. संध्याकाळी चिक्कीच्या दुकानासमोर गाडी थांबते तेव्हा आजोबा मागच्या आसनावर डोळे मिटून बसलेले असतात, आजींचे गुडघे सुजलेले असतात आणि दिवसाचा मोठा भाग वाहनांच्या रांगेत गेलेला असतो. आपण मनात म्हणतो, ‘एवढी घाई कशाला? एक लेणे निवांत पाहिले असते तरी पुरे होते.’

हेच शहाणपण आपण स्वतः प्रवासाला निघालो की घरी विसरून जातो.

मार्च-एप्रिल उजाडला की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक कामासाठी ज्येष्ठ जोडपी येऊ लागतात. मुलगा किंवा मुलगी सॅन होजे, फ्रीमाँट, लॉस एंजेलिस अथवा सिॲटलला नोकरीस. व्हिसा हाती आलेला. तिकिटे मे महिन्याची. ‘डॉक्टर, तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या आणि प्रवासाला फिट असल्याचा दाखला द्या,’ एवढीच मागणी. मीही कित्येक वर्षे तेवढेच करीत आलो. रक्तदाब मोजला, साखर पाहिली, ईसीजी काढला, दाखला दिला. पण एका प्रसंगानंतर मला त्यात एक प्रश्न वाढवावा लागला.

सत्तरी ओलांडलेले ते निवृत्त गृहस्थ माझे जुने रुग्ण. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हृदयाची ताकद थोडी कमी, त्यामुळे अंगात पाणी साठू नये म्हणून रोज सकाळी लघवीची गोळी चालू. त्या बळावर त्यांचे सारे ठीक चालले होते. मुलाने मोठ्या हौसेने पाच दिवसांची सहल आखली: लॉस एंजेलिस, तेथून लास व्हेगास आणि लास व्हेगासहून एका दिवसात ग्रँड कॅनियनला जाऊन परत. मोटारीने दूरचा प्रवास, वाटेत प्रसाधनगृह कुठे मिळेल याची खात्री नाही, आणि दर तासाला गाडी थांबवायला सांगणे संकोचाचे. गृहस्थांनी कुणाला न सांगता लघवीची गोळी चार दिवस बंद केली. हॉटेलातले खारट सूप आणि पाकिटातले वेफर्स रोजचेच झाले होते. त्यातच ग्रँड कॅनियनचा दक्षिणेकडील कडा सुमारे ७,००० फूट उंचीवर आहे. कड्यावर पोहोचल्यावर त्यांना धाप लागली. रात्री आडवे पडणे अशक्य झाले. रुग्णालयात दाखल करावे लागले. वेळेवर उपचार मिळाले म्हणून ते सुखरूप परतले.

परत आल्यावर मी विचारले, ‘दम लागतोय हे मुलाला आधी का नाही सांगितलंत?’ ते म्हणाले, ‘त्यानं वर्षभराची रजा माझ्यासाठी साठवली होती, डॉक्टर. त्याचा हिरमोड कसा करू?’

त्यांनी हे मुलाला सांगितले नाही, ही त्यांची चूक. पण काय काय पाहायचे ठरले आहे, हे मी त्यांना विचारलेच नाही, ही माझी चूक अधिक मोठी होती. आता दाखला देण्यापूर्वी मी सहलीचा बेत विचारतो. आज त्या बेताविषयीच लिहितो.

पहिला आठवडा घरातच

उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. म्हणजे दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस. शरीराला हा बदल पचवायला आठवडा ते दहा दिवस लागतात. या काळात मध्यरात्री जाग येते, अनोळखी घरात अंधारातून बाथरूमकडे जाताना तोल जातो. म्हणून रात्रदिवा चालू ठेवावा. रोज सकाळी उन्हात अर्धा तास फिरावे, दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर जाऊ देऊ नये. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्या तेथील घड्याळाप्रमाणे सुरू करता येतात. मात्र इन्शुलिन, रक्त पातळ करणारी आणि फिटची औषधे यांचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पहिल्या आठवड्यात सहल ठेवूच नये. कोपऱ्यावरचे उद्यान आणि गावातले वाचनालय हीच तेव्हाची प्रेक्षणीय स्थळे.

सॅन फ्रान्सिस्को: स्वेटर आणि सपाट रस्ता

कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, अशी आपली समजूत असते. जुलै-ऑगस्टमधले सॅन फ्रान्सिस्को मात्र आपल्या पावसाळ्यातल्या टायगर पॉइंटसारखे असते: धुके, बोचरा वारा आणि दुपारीही जेमतेम १८-२० अंश. तासाभरावरच्या सॅन होजेत त्याच वेळी चांगले ऊन असते. दमेकऱ्यांनी आणि हृदयरोग्यांनी स्वेटर, कानटोपी व मफलर घेतल्याशिवाय निघू नये.

हे शहर टेकड्यांचे आहे. १८७३ पासून धावणारी केबल कार पाहावी जरूर, पण तिची पायरी उंच असते आणि धक्के बसतात. गुडघेदुखी असणाऱ्यांनी बाहेरच्या फळीवर उभे राहण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी समुद्राकाठच्या सपाट रस्त्याने जाणाऱ्या जुन्या ट्राममध्ये बसावे. फेरी बिल्डिंगपासून पिअर ३९ पर्यंत जाता येते आणि तेथे धक्क्यावर पहुडलेले समुद्रसिंह बाकावर बसून पाहता येतात. १९३७ साली खुला झालेला गोल्डन गेट पूल सुमारे २.७ किलोमीटर लांब आहे. तो पार करण्याची गरज नाही. दक्षिण टोकाच्या चौकातून तो उत्तम दिसतो. हवे तर शंभर पावले पुलावर जाऊन परत फिरावे.

लॉस एंजेलिस: अंतर हाच अडसर

येथे चढापेक्षा अंतर दमवते. सॅन फ्रान्सिस्कोहून हे शहर सुमारे ६०० किलोमीटर दूर आहे आणि शहरातल्या शहरातही एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जाण्यात तास-दीड तास सहज जातो. म्हणून दिवसाला एकच स्थळ, हा नियम येथे कसोशीने पाळावा. ज्येष्ठांसाठी माझी पहिली पसंती गेटी सेंटर. टेकडीच्या पायथ्यापासून छोटी ट्राम वर नेते, प्रवेश विनामूल्य आहे, बसायला जागा भरपूर आणि चाकांची खुर्चीही मिळते. दुसरे स्थळ १९३५ मधली ग्रिफिथ वेधशाळा. येथून शहर आणि हॉलिवूडची ती प्रसिद्ध अक्षरे दिसतात. वाहनतळापासून चढ आहे, म्हणून मुलांनी आई-वडिलांना दाराशी उतरवून मग गाडी लावावी. चित्रपटांच्या मनोरंजननगरीत जोरदार हेलकावे देणाऱ्या पाळण्यांपासून हृदयाचे, मानेचे आणि पाठीचे विकार असलेल्यांनी लांब राहावे. नातवंडे बसतील, आपण खाली पिशव्या सांभाळू.

लास व्हेगास, ग्रँड कॅनियन आणि सिॲटल

लास व्हेगासमध्ये उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. हवा कोरडी असल्याने घाम लगेच उडून जातो आणि शरीरातले पाणी कमी होत असल्याचे कळतच नाही. तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्यावे. ज्यांना पाण्याचे प्रमाण बांधून दिले आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून. तेथील रोषणाई संध्याकाळनंतर आणि गाडीतून पाहिली तरी चालते.

ग्रँड कॅनियनविषयी एक तुलना सांगतो. लोणावळा सुमारे २,००० फुटांवर, महाबळेश्वर सुमारे ४,५०० फुटांवर आणि तो कडा ७,००० फुटांवर. महाबळेश्वरी ज्यांना चालताना दम लागतो त्यांनी तेथे रात्रीचा मुक्काम ठेवूनच जावे आणि पहिल्या दिवशी विश्रांती घ्यावी. लास व्हेगासहून एका दिवसात जाऊन येणे म्हणजे मोटारीत आठ-नऊ तास. ते ज्येष्ठांसाठी नव्हेच. कड्यालगत विनामूल्य बस फिरते आणि फरसबंद वाटेवरून चाकांची खुर्ची नेता येते. दरीत उतरू नये. उतरणे सोपे वाटते, चढणे नाही.

सिॲटलमध्ये १९०७ पासून भरणारा पाइक प्लेस बाजार भाजी, फुले आणि मासळीने आपल्याला घरचाच वाटेल. समुद्राकडे उतरणारे रस्ते तीव्र आहेत. जिन्याऐवजी लिफ्ट विचारून घ्यावी.

संकोच, रस्ता आणि औषधे

लघवीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. फ्युरोसेमाइडसारख्या गोळीचा परिणाम साधारण सहा तास टिकतो, त्यामुळे सहलीच्या दिवशी तिची वेळ पुढे-मागे करता येते. ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. प्रसाधनगृहाला तेथे ‘रेस्टरूम’ म्हणतात. रस्त्यावर ती क्वचित दिसतात, पण संग्रहालये, वाचनालये आणि मोठी दुकाने येथे स्वच्छ व मोफत असतात. पाण्याची सोय नसते, म्हणून पिशवीत छोटी बाटली ठेवावी. गरज वाटल्यास प्रौढांचे डायपर वापरण्यात कमीपणा नाही, तसाच विमानतळावर चाकांची खुर्ची मागण्यातही नाही.

तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. रस्त्यात पाऊल टाकताना आपली मान सवयीने उजवीकडे वळते आणि गाडी डावीकडून येते. सिग्नल लाल असतानाही अनेक ठिकाणी गाड्यांना उजवीकडे वळण्याची मुभा असते. पांढऱ्या पादचारी चिन्हाची वाट पाहावी आणि दोन्हीकडे पाहूनच पुढे व्हावे.

साधारण ९० दिवसांपुरती औषधे मूळ वेष्टनात, मूळ औषधनावांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी तेथे दुकानात चिठ्ठीवाचून मिळत नाही. आपले पॅरासिटामॉल तेथे ‘ॲसिटामिनोफेन’ या नावाने मिळते. दोन्ही एकच आहेत हे न कळल्याने दुहेरी मात्रा घेतली जाऊ शकते. इन्शुलिन आणि जिभेखालची गोळी उन्हात लावलेल्या गाडीत ठेवू नये. प्रवास विमा निघण्यापूर्वीच काढावा आणि आधीपासूनच्या आजारांविषयीचे कलम मुलांकडून नीट वाचून घ्यावे. आणीबाणीचा क्रमांक ९११ तोंडपाठ करावा.

दोन शब्द मुलांसाठी

आई-वडिलांना ‘चालेल ना?’ असे विचारू नका. उत्तर ‘चालेल’ असेच येईल. ‘न थांबता किती वेळ चालता येते? कार्ल्याच्या पायऱ्या चढताना कितीदा बसावे लागते? किती वेळाने बाथरूमला जावे लागते?’ असे विचारा. या तीन उत्तरांवरून सहल आखा. प्रत्येक फिरतीच्या दिवसानंतर एक दिवस घरचा ठेवा. तुमच्या रजेचे दिवस मोजके आहेत हे खरे, पण किती स्थळे झाली याचा हिशेब त्यांनी कधीच मागितलेला नसतो. ते तुमच्या सहवासासाठी आलेले असतात.

आणि ज्येष्ठ वाचकहो, मुलाचा हिरमोड होईल म्हणून दम लागल्याचे लपवू नका. ‘मी या बाकावर बसतो, तुम्ही जाऊन या,’ हे वाक्य निघण्यापूर्वी घरी मोठ्याने म्हणून पाहा. दोन-तीनदा म्हटले की जीभ अडखळत नाही.

दाखला मागायला दवाखान्यात याल तेव्हा गोळ्यांच्या पिशवीबरोबर मुलाने पाठवलेला सहलीचा कागदही आणा. आधी तो वाचू, मग रक्तदाब मोजू.