सोवळ्यातला स्वातंत्र्यदिन

२०२५च्या १५ ऑगस्टला मटणाची दुकाने बंद ठेवावीत, असे फर्मान कल्याण-डोंबिवली महापालिकेने काढले. आधार कशाचा, तर १९८८च्या ठरावाचा! २०२० पासून तिथे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. स्वातंत्र्यदिनाचे सोवळे प्रशासकाने ठरविले. फर्मानात शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या व मोठी जनावरे होती, मासळी नव्हती. म्हणून ठाणे जिल्ह्यातील कोळ्यांनी कृतज्ञ राहायचे काय?

या समाजाचे १५ ऑगस्टशी नाते मुळातच एकपदरी नाही. उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांचा तो मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचाही सण. यांत्रिक नौकांवरील पावसाळी बंदी पूर्वी १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल तोवर असे. आता ती ३१ जुलैलाच संपते. पारंपरिक मच्छीमार जुनी मुदत परत मागतात, ट्रॉलरवाल्यांना घाई असते. एकाच घरात कुणी श्रावण पाळून झेंडावंदनाला जातो, तर कुणी विचारतो, सुट्टी पगारदाराची, पाटीवालीला कसली? प्रश्न रास्त आहे. २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने १५ ऑगस्टची भरपगारी सुट्टी दिली ती नोकरदार कामगाराला. स्वतःची पाटी घेऊन बसणारी कोळीण तीत येत नाही.

हा वाद समाजाचा आहे, तो समाज घालील. ताटात डोकावणाऱ्या प्रशासनाने आधी स्वतःच्या गटारांकडे पाहावे. उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल २०१५ साली हरित लवादाने ज्यांना दंड ठोठावला, त्यांत हीच महापालिका होती. त्या नद्यांचे पाणी खाडीलाच मिळते, आणि जाळे टाकायचे ते तिथेच.